पोलादावरचा ळ

जबलपूरच्या कुठल्याही जुन्या मराठी घरात फडताळाच्या खालच्या कप्प्यात 'काले' आणि 'मुले' हमखास भेटतात. लग्नात आलेल्या परातीवर ठिपक्याठिपक्यांनी 'चि. सौ. कां.', तारीख, 'सप्रेम भेट' आणि शेवटी देणाऱ्याचं आडनाव. देणारे होते काळे आणि मुळे. पण बडा फुहाऱ्याच्या बाजारात छिन्नी-हातोडी घेऊन बसणाऱ्या नाव घालणाऱ्याच्या हाताला ळ नव्हता. समोर उभं राहून बोटाने गिरवून दाखवला तरी तो मान डोलवायचा आणि ल ठोकायचा. मुळ्यांच्या घरी त्यामुळे 'मुले यांजकडून' आलेली भांडी बरीच आहेत आणि नव्या सुनेला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागतो.

आता त्याच बाजारात लेझरचं यंत्र आहे. पोरगा नाव टाइप करतो, स्टीलची बाटली चिमट्यात अडकवतो, एक पांढरी ठिणगी सरसर सरकते आणि चहा यायच्या आत काम संपतं. परवा त्याने विचारलं, "सर, ये वाला अक्षर कीबोर्ड पे कहाँ मिलेगा?" मग फोनवर कुठून तरी ळ शोधून चिकटवला. दोन्ही गाठी अगदी सारख्या, गोल. इतका देखणा ळ माझ्या मामाला जन्मात जमला नाही, आणि त्याने तर या एका अक्षरापायी किती पाती बाद केली असतील, देव जाणे.

मामा सत्तरच्या दशकात कुंडमच्या सरकारी शाळेत मास्तर होता. जबलपूरहून दिंडोरीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव. हिरण नदी इथेच उगम पावते आणि पुढे नर्मदेला मिळते. वस्ती बहुतेक गोंडांची, भोवती सालाचं जंगल. मराठी बोलायला मामाला माणूस मिळत नसे, म्हणून तो सुट्टीत आम्हा भाच्यांना बोलावून घ्यायचा. संध्याकाळ रिकामी, वीज असली तर असली. अशात त्याला नाद लागला पोलादावर नक्षी काढायचा. छिन्नीने कोरायची नाही, रसायनाने खायला लावायची.

त्याचं सगळं सामान गावातलंच असायचं. पातं लोहाराकडून. या मुलखातले अगरिया एकेकाळी मातीच्या भट्टीत स्वतः लोखंड गाळायचे. मानववंशशास्त्रज्ञ व्हेरियर एल्विनने १९४२मध्ये त्यांच्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. मामाच्या काळात मात्र लोहार ट्रकच्या कमानीचे जुने पाटे ठोकूनच पाती करायचा. शक्तिमान ट्रक बनवणारा कारखाना जबलपुरातच, तेव्हा आपलं पोलाद फौजेतलं आहे असा मामाचा दावा असे. मेण हाटात मधाबरोबर मिळायचं. राळ सालाच्या झाडाची. डांबर रस्त्याच्या कामावरून डबाभर मागून आणलेलं. तिन्ही वितळवून त्याचा लेप गरम पात्यावर द्यायचा. युरोपातले छापचित्रवालेही मेण, राळ आणि डांबर याच तिघांवर विसंबून असत, हे मामाला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

लेप सुकला की सुई घेऊन त्यावर चित्र ओरबाडायचं. जिथे सुई फिरली तिथे पोलाद उघडं पडतं. बाकी सगळं झाकलेलं. मग पातं मोरचूद आणि मीठ घातलेल्या पाण्यात सोडायचं. नायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजे बाजारातलं तेजाब, मामा घरात आणू देत नसे. त्याचा तपकिरी धूर छातीत बसतो. मोरचुदाचं पाणी निळं, दिसायला गरीब. थोड्या वेळाने ओरखड्यांतून लालसर लव उगवायची. लोखंड पाण्यात उतरतं आणि त्याच्या जागी पाण्यातलं तांबं बाहेर पडतं, त्याचा तो गाळ. तो साचला की खाणं मंदावतं. म्हणून कोंबडीचं पीस हातात देऊन मामा मला पाटाजवळ बसवायचा. लव अलगद झाडायची, लेपाला धक्का लावायचा नाही. "झाड, पण खरवडू नकोस रे," हे वाक्य मी त्या घरात जेवायला बस याच्याहून जास्त वेळा ऐकलं.

आणि ळ? रसायन नुसतं खाली जात नाही, आडवंही जातं. लेपाच्या कडेखालून पोखरतं. सुईने केसासारखी रेघ काढली तरी बाहेर येते ती जाडच. क, र, ग यांचं त्याने फारसं बिघडत नाही. ळच्या दोन गाठींच्या आत मात्र पोलादाची दोन चिमुकली बेटं असतात. ती चारी बाजूंनी खाल्ली जातात आणि शेवटी अक्षराच्या जागी दोन खड्डे उरतात. मामा ते टाळायला गाठी वेडगळ मोठ्या काढायचा, रेघ शक्य तितकी बारीक. कच्चं चित्र बघणाऱ्याला हसू येई. पाण्यातून निघाल्यावर ते जेमतेम माणसात यायचं. पुढे होणारं नुकसान धरूनच आधी चित्र चुकवून काढायचं, ही त्या कामातली खरी अक्कल.

त्याचं सगळ्यात चांगलं काम म्हणजे एक अडकित्ता. त्याच्या पात्यावर आजीचं आडनाव ळसकट आहे आणि भोवती गोंड बायकांच्या हातावरच्या गोदण्यातले ठिपके आणि त्रिकोण. गोदणं काढणारणीने ते पाहून एक ओळ उलटी आहे असं सांगितलं होतं म्हणे.

ही विद्या मुळात चिलखतं सजवणाऱ्यांची. जर्मनीतल्या ऑग्सबर्गला पंधराशेच्या सुमारास डॅनियल हॉप्फरने चिलखतावरची ही कला कागदावर छापायला वापरली, आणि ड्यूररनेही १५१५ ते १५१८ या काळात लोखंडी पत्र्यांवर चित्रं खाऊन घेतली. आपल्याकडच्या जातिवंत पोलादाच्या तलवारीवर पाण्यासारख्या ज्या लाटा दिसतात, त्याही पातं हिराकसाने धुतल्यावरच उमटतात. छापचित्रांचा धागा मामाच्या मुलखापर्यंतही येतो. कुंडमच्या रस्त्याने तसेच पुढे गेलात की दिंडोरी जिल्ह्यात पाटणगढ लागतं. तिथला चित्रकार जनगढसिंह श्याम भोपाळला गेला आणि १९८२मध्ये सुरू झालेल्या भारत भवनाच्या ग्राफिक विभागात काम करू लागला. भिंतीवर बोटांनी काढणारा हात तिथे छापचित्रांच्या कार्यशाळेत पोचला. मामा तेव्हा निवृत्त व्हायच्या बेतात होता. थोडा आधी भोपाळला बदली मागितली असती तर, असं मला उगीच वाटतं.

२०२५मध्ये नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार महाराष्ट्र सरकारने लंडनच्या लिलावातून ४७ लाख रुपयांहून जास्त मोजून परत आणली. पातं युरोपी, त्यावर सोन्यात जडवलेली देवनागरी अक्षरं. १७९८पासून हा जबलपूरचा मुलूख याच भोसले घराण्याकडे होता, १८१७-१८मध्ये इंग्रज येईपर्यंत. वर्तमानपत्रातला फोटो मी भिंगाखाली धरला. 'भोसले'त ल आहे. कारागीर सुटला.

आज अ‍ॅसिडचं काम थांबलंय असं मुळीच नाही, ते नजरेआड गेलंय. लिफ्टच्या दारावरची वेलबुट्टी बघा. बऱ्याचदा ती अ‍ॅसिडनेच केलेली असते. स्टेनलेसच्या अंगावर क्रोमियमच्या ऑक्साइडची पातळ साय असते आणि नायट्रिक अ‍ॅसिडने ती उलट घट्टच होते, म्हणून तिथे फेरिक क्लोराइड लागतं. नक्षी कॉम्प्युटरवर, लेपाच्या जागी प्रकाशाने कडक होणारी फिल्म, फवारे यंत्रातून. आडवं खाणं आजही होतं, पण किती होईल याचा हिशेब आधीच रेघेतून वजा करून टाकतात. मामा जे डोळ्यांनी करायचा तेच, फक्त चुकायची सोय ठेवलेली नाही. धुरात कोणी बसत नाही हे चांगलंच झालं. ते जुनं होतं म्हणून गोड होतं असं मी म्हणणार नाही. पण लिफ्टमध्ये उभं राहून ती वेल बघत राहावं असं मला कधी वाटलेलं नाही. प्रत्येक मजल्यावर तेच पान तसंच वळलेलं असतं.

कुंडमला गेल्या हिवाळ्यात जाऊन आलो. रस्ता गुळगुळीत. हाटात कारखान्याची सुरी मिळते, पात्यावर कंपनीचं नाव छापलेलं.

माझ्या नातीने व्हिडिओ बघून घरातच उद्योग मांडला: नेलपॉलिशचा लेप, मिठाचं पाणी, नऊ व्होल्टची बॅटरी आणि स्टीलचा चमचा. तिचं नावही ळवालं, मृणाळिनी. पहिल्या खेपेला दोन खड्डे. तिने चमचा उलटसुलट पाहिला आणि दुसऱ्यावर गाठी मोठ्या काढायला घेतल्या, कोणी न सांगता. मी खिडक्या उघडल्या आणि स्टेनलेस बंद करायला लावलं. विजेने ते असं खाल्लं की क्रोमियमचं विषारी रूप पाण्यात उतरतं. साध्या लोखंडावर कर म्हटलं.

"मग आजोबा, तो अडकित्ता द्या ना. मागची बाजू कोरी आहे."

दिला नाही. तिच्यासाठी लोहाराकडून पातं आणायचं ठरलंय.