शूरपद्माचा मोर

सिंगापूर

ती. सौ. मावशीस,


तमिळ ‘तै’ महिन्यातल्या पौर्णिमेच्या सुमारास, जानेवारी-फेब्रुवारीत, सिंगापुरात तैपूसमचा उत्सव असतो. सेरंगून रोडवरच्या श्रीनिवास पेरुमाळ मंदिरातून निघालेले भाविक टँक रोडवरच्या दंडायुधपाणी मंदिरापर्यंत अनवाणी चालत जातात. चेट्टियार समाजाने १८५९ मध्ये स्थापलेले हे देऊळ मुरुगनचे, म्हणजे आपल्या कार्तिकस्वामीचे. कित्येकांच्या डोक्यावर दुधाचा कलश असतो. काहींच्या खांद्यावर कावडी, आणि गालातून किंवा जिभेतून आरपार गेलेला बारीक भाला. मराठी माणसाला हे पाहून बावधनचे बगाड आठवावे.

पण ही शिक्षा नव्हे, नवस आहे. नवसाला मुदत असते. आधी उपास, मग ती वाट. टँक रोडला पोचून दूध देवावर घातले, भाला काढून त्या जागी विभूती दाबली, की नवस फिटला. धर्मशास्त्रातले प्रायश्चित्तही दोष पाहून मोजून सांगितलेले. माणूस मनातल्या मनात स्वतःला जी शिक्षा करतो तिला मात्र ना माप, ना शेवट. तिथे फिर्यादी, न्यायाधीश आणि फटके मारणारा एकच.

गीतेचा सतरावा अध्याय या खटल्यातला आरोपीच बदलतो. शास्त्राबाहेरचे घोर तप करून देहाला कष्टवणारे लोक देहात राहणाऱ्या भगवंतालाही कष्टवतात, असे तिथे म्हटले आहे. हट्टाने स्वतःला पीडा देणारे तप तामस ठरते. अद्वैताच्या अंगाने वाचले तर स्वतःवर उगारलेला हात देवावरच उगारलेला असतो. म्हणून सगळे माफ, असे मात्र नाही. मनाच्या तपात प्रसन्नता आणि सौम्यपणा यांच्या पंक्तीलाच आत्मसंयमही बसवलेला आहे.

मुरुगनची कथा याच वळणाची, आणि उघड सांगायचे तर अधिक बोलकी. तमिळ कंदपुराणात शूरपद्म असुर शेवटी आंब्याचे झाड होऊन उभा राहतो. मुरुगनच्या भाल्याने ते दुभंगते. एका भागाचा मोर होतो, दुसऱ्याचा कोंबडा. देव मोरावर बसतो आणि कोंबड्याला ध्वजावर घेतो. गूढार्थ सांगणारे भाल्याला ज्ञान म्हणतात, शूरपद्माला अहंकार. ज्ञान दोषाची चिरफाड करते, पण दोषी माणसाला उकिरड्यावर टाकत नाही. मुलावर नको इतकी ओरडलेली आई याच रीतीने न्याय करील. ओरडणे चूक होते. त्यातला थकव्याचा वाटा किती, आपला किती, हे ती पाहील, मुलाची माफी मागील, दुसऱ्या दिवशी आवाज सांभाळील. ‘मी आई व्हायच्याच लायकीची नाही’ हा आरोप त्या निवाड्यात बसत नाही, कारण त्याला पुरावा नाही.

खंडोबाच्या कथेतही असा एक निवाडा आहे. मणी आणि मल्ल दोघे दैत्य, अपराध सारखेच. मणी शरण आला, आणि त्याला देवाच्या देवळात पूजेची जागा मिळाली.

तुझी भाची