बरणीतला शिंगूर

मिरगाचा पाऊस रात्रभर पडून गेला की सकाळी भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या एकोडीत पाण्याचा आवाज बदललेला असायचा. बांध्यांमधलं पाणी नाल्यात आणि नाल्यातलं तलावात उतरू लागायचं, आणि त्या उतरत्या धारेला तोंड देऊन मासे वर चढायचे. गढूळ पाण्यात मासा दिसत नाही. दिसते ती पाण्याच्या पाठीवर उठलेली रेघ. माझा आजा धुऱ्यावर उभा राहून त्या रेघेकडे पाहायचा आणि नाव सांगायचा. सरळ, दमदार रेघ म्हणजे मरळ. थांबत थांबत, अंग चोरत जाणारी म्हणजे बोटरी. तळाचा चिखल ढवळून निघाला आणि वर नुसते बुडबुडे आले, की तो म्हणायचा, "शिंगूर आहे. हात नको घालू." शिंगूराच्या गळ्याजवळच्या काट्यांत विष असतं, एकदा टोचला की हात ठणकत राहतो. मला हे शाळेत जायच्या आधी ठाऊक झालं होतं.

आजा काही मासे धरणारा ढिवर नव्हता. तो धान पिकवायचा. पण धानाच्या बांधीत चार महिने पाणी उभं असतं आणि त्या पाण्यात कोण राहतं, हे शेतकऱ्याला आपसूक कळतं. घरात कोण राहतं हे घरमालकाला वेगळं शिकावं लागत नाही, तसंच.

प्राण्यांचं संग्रहालय म्हणजे काय, ते मी पहिल्यांदा चौथीच्या सहलीत पाहिलं. साकोलीहून एस.टी.नं शंभर किलोमीटर नागपूर, आणि नागपुरात सिव्हिल लाइन्समधला अजब बंगला. त्याचं सरकारी नाव मध्यवर्ती संग्रहालय, ते मी पुष्कळ वर्षांनी वाचलं. आमच्याकडच्या माणसाला तो अजब बंगला म्हणूनच माहीत. १८६३ साली मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांच्या काळात ते उभं राहिलं, आणि लोकांनी आत जाऊन जे पाहिलं त्यावरून त्याचं नाव ठेवलं. लोक असंच नाव ठेवतात, पाहून.

काचेमागे वाघ होता. पक्षी होते, फांद्यांवर बसवलेले. मी काचेला नाक लावून उभा राहिलो. नागझिऱ्याच्या रानाबद्दल घरात रात्री ज्या गोष्टी चालायच्या, त्यांतली जनावरं इथे दिवसाउजेडी, हाताच्या अंतरावर होती, आणि कोणी पळत नव्हतं. पहिला आनंद तोच. भीती वाटली ती नंतर, डोळ्यांची. ते डोळे काचेचे असतात. मेलेल्या जनावराचं कातडं सोडवतात, आतून कमावतात, तारेचा किंवा लाकडाचा सांगाडा करून त्यावर पेंढा, कापूस भरतात आणि कातडं पुन्हा चढवतात. कीड लागू नये म्हणून जुन्या काळी आतून सोमल लावत. मुंबईत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात डॉ. संतोष गायकवाड हे काम करतात, तिथलं केंद्र २००९ साली सुरू झालं. जिवंतपणी जनावर कसं उभं राहतं, मान कशी वळवतं, हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच मेलेल्याला उभं करता येतं. ही कला मला फार आदराची वाटते. एखाद्या पोराला आयुष्यात वाघ दिसणार नसेल, तर निदान त्याचा खांदा केवढा असतो हे तरी त्याला कळावं.

अजब बंगल्याशी आणखी एका माणसाचं नाव जोडलेलं आहे, स्टीफन हिस्लॉप. १८४५ साली तो धर्मप्रसारासाठी नागपूरला आला आणि दगडांच्या, जीवाश्मांच्या आणि भाषेच्या नादी लागला. त्याचं दगड गोळा करणं सगळ्यांना माहीत आहे. मला त्याचं शब्द गोळा करणं मोठं वाटतं. गोंडांच्या वस्त्यांमध्ये बसून त्यानं त्यांचे शब्द आणि गाणी उतरवून घेतली. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिलावर्तुळं पाहून परतताना तो पुराच्या नाल्यात बुडाला. त्याची टिपणं टेंपल यांनी १८६६ साली छापून काढली, म्हणून ते शब्द उरले. ज्या वर्षी संग्रहालय उघडलं त्याच वर्षी तो गेला. मी अजब बंगल्यासमोरून जातो तेव्हा मला वाघाच्या आधी हा नाला आठवतो, आणि त्याच्या घरी राहिलेल्या वह्या.

आता माझी गोष्ट. कॉलेजात मी प्राणिशास्त्र घेतलं. आमच्या विभागात एक लहानसं संग्रहालय होतं. लांब खोली, दोन्ही बाजूंना मांडण्या आणि मांडण्यांवर बरण्या. आजाचा मोतीबिंदू काढायला त्याला शहरात आणलं होतं. पट्टी सुटल्यावर चार दिवसांनी मी त्याला कॉलेज दाखवायला नेलं. नव्या डोळ्यांनी तो सगळं हळू हळू पाहत होता. माशांच्या मांडणीपाशी आला आणि थांबला.

"काय लिहिलं आहे इथं?"

मी वाचलं. हेटेरोप्न्यूस्टिस फॉसिलिस.

तो बरणीकडे वाकला. बराच वेळ वाकून राहिला. मग म्हणाला, "हा तं शिंगूर आहे ना बा!" आणि थोड्या वेळानं, अगदी हलक्या आवाजात, "असा पांढरा काहून पडला?"

फॉर्मालिनमध्ये रंग राहत नाही. काळसर तांबूस शिंगूर काही दिवसांत फिका होतो आणि वर्षांनंतर मेणासारखा दिसतो. हे मी त्याला सांगितलं. त्यानं मान हलवली. पण पाटीवर शिंगूर का लिहिलेलं नाही, हे त्यानं विचारलं नाही, आणि मला ते सांगता आलं असतं असं आज वाटत नाही. त्या मांडणीवर चाळीसेक बरण्या होत्या. त्यांतले निम्मे मासे आजाला चेहऱ्यानं आणि वागण्यानं ठाऊक होते. एकाही पाटीवर तो ज्या नावानं हाक मारायचा ते नाव नव्हतं. रंग तर औषधानं नेला होता. नाव कोणी नेलं?

मी त्या प्रश्नाच्या मागे लागलो तेव्हा एक आश्चर्य सापडलं. आपल्या माशांची शास्त्रीय नावं ज्यांनी ठेवली त्यांतला एक मोठा माणूस फ्रान्सिस हॅमिल्टन. गंगेच्या माशांवरचं त्याचं पुस्तक १८२२ साली एडिंबरोहून निघालं. बंगालच्या कोळ्यांच्या तोंडची नावं त्यानं पुष्कळ ठिकाणी तशीच उचलून लॅटिनमध्ये बसवली. लेबिओ रोहिता म्हणजे त्यांचा रुई. सिऱ्हिनस मृगाला म्हणजे मृगेल. कातला, टेंगरा, मागुर, कालबासू ही सगळी नावं शास्त्रीय पाट्यांवर आहेत. जगभरचे शास्त्रज्ञ दोनशे वर्षं बंगाली कोळ्याची भाषा बोलत आहेत आणि आपण ती लॅटिन समजून पाठ करतो. वैनगंगेच्या काठच्या ढिवराकडे मात्र असा कोणी वही घेऊन बसला नाही. बसला असता, तर एखाद्या माशाच्या शेपटाला आज आमच्या झाडीबोलीचा शब्द लागलेला असता. म्हणून पाटीवर गावचं नाव लिहिणं हा शास्त्राचा कमीपणा आहे असं कोणी म्हटलं, तर मी ऐकून घेणार नाही. शास्त्राची ही जुनी, चांगली रीत आहे.

मुंबईला पहिल्यांदा गेलो तेव्हा मरीन ड्राइव्हवरच्या तारापोरवाला मत्स्यालयात गेलो. १९५१ साली सुरू झालेलं, २०१५ साली नव्यानं सजवून उघडलेलं, वाकड्या पारदर्शक छताखालून चालताना डोक्यावरून मासे जाणारं. समुद्राचे मासे फार देखणे होते. निळे, पिवळे, पट्ट्यांचे. शाळेतली पोरं ओरडत होती. मी मात्र एका कोपऱ्यात उभा राहून मनातल्या मनात एक टाकी रचत होतो. तिच्या तळाला आमच्या तलावाचा काळा चिखल. वर शिंगाडा आणि देवधान. मध्ये मरळीची जोडी, आणि तिच्याभोवती केशरी पिल्लांचा फिरता गोळा. मरळ पिल्लांना वाऱ्यावर सोडत नाही. ती पोहतील तिथे राखण करत खाली खाली फिरते आणि कोणी जवळ आलं तर धावून जाते. शिंगूर अधूनमधून वर येऊन हवेचा घोट घेऊन जाईल. पाणी आटलं तरी तो ओल्या चिखलात तग धरतो, हे पाटीवर लिहिलेलं असेल. अशी टाकी विदर्भातल्या पोरानं पाहिली, तर घरी जाऊन तो तलावाच्या पाळीवर नक्की बसेल.

आणि तलाव तर आमच्याकडे केवढे! भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून ते हजारांनी मोजावे लागतात. गोंड राजांच्या आश्रयानं कोहळी समाजानं बांधलेले, उताराचं पाणी अडवून धानाला देणारे. पुढे ते मालगुजारांकडे आले. १९५०च्या कायद्यानं मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे गेले. कागदोपत्री ते माजी मालगुजारी तलाव झाले, आणि बोलण्यात त्याचं मामा तलाव झालं. लहानपणी मला वाटायचं, हा आईच्या भावाचा तलाव. तसं वाटण्यात काही चूक होती असं मला आजही वाटत नाही. मामाकडे गेलं की उपाशी येत नाहीत.

पण मामाचं घर बदललं. रोहू, कातला, मृगळ हे मोठे मासे उभ्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना वाहती नदी लागते. म्हणून त्यांचं बीज दर वर्षी विकत आणून सोडावं लागतं. मरळ, बोटरी, शिंगूर यांना कोणी आणत नाही, ते तलावातच जन्मतात. त्यांना फक्त पाणवनस्पतींचा आडोसा हवा. गवत खाणारा परदेशी मासा आणून सोडला, तर तो हा आडोसा खाऊन टाकतो. काठानं बेशरम नावाची वनस्पती पसरली तर उरलेली जागाही जाते. भंडाऱ्याचे मनीष राजनकर कित्येक वर्षं ढिवर समाजाबरोबर बसून हेच समजून घेत आले, की कोणत्या वनस्पतीपाशी कोणता मासा राहतो. लोकांनी बेशरम उपटली, पाणवनस्पती पुन्हा लावल्या. तलाव पुन्हा जिवंत करणारी ही माणसं माझ्या मते आमच्या भागातली सगळ्यात महत्त्वाची माणसं आहेत.

वाघाचं कौतुक मलाही आहे. नागझिऱ्याहून चालत उमरेड-कऱ्हांडल्याला गेलेला आणि २०१६ साली दिसेनासा झालेला जय, त्याचं नाव आमच्याकडे पोरासोरांना पाठ आहे. व्यंकटेश माडगूळकर नागझिऱ्यात येऊन राहिले आणि त्या रानाच्या नावाचं पुस्तकच लिहून गेले. आता नवेगाव-नागझिरा हा २०१३ पासूनचा व्याघ्रप्रकल्प आहे, आमच्या जिल्ह्यात कोक्याचं अभयारण्य आहे. धानाच्या बांध्यांत सारसाच्या जोड्या आहेत. महाराष्ट्रात हा पक्षी गोंदिया-भंडाऱ्याकडेच काय तो उरला, आणि शेतकरी त्याचं घरटं राखतात. या सगळ्यांची नावं टिकतील. मला काळजी आहे ती पाण्याखालच्या नावांची, कारण ती फक्त तोंडात आहेत.

तोंडातली नावं वहीत कशी येतात, हे मारुती चितमपल्लींनी दाखवून दिलं. वनखात्याच्या नोकरीत ते नवेगावबांधला राहिले. तिथले माधवराव पाटील डोंगरवार यांच्यासारख्या जाणत्या माणसापाशी, ढिवरांपाशी, आदिवासींपाशी ते विद्यार्थ्यासारखे बसले. बगळ्यांच्या वसाहतीला सारंगागार आणि कावळ्यांच्या वसाहतीला काकागार म्हणायला मराठी त्यांच्यामुळे शिकली. २०२५च्या जूनमध्ये ते सोलापुरात गेले. ती बातमी वाचली त्या दिवशी मी कपाटातून एक कोरी वही काढली.

मागच्या पावसाळ्यात ती घेऊन एकोडीला गेलो. आमच्या ओळखीच्या एक ढिवर मावशी आहेत, सत्तरीच्या. पहाटे काढलेली मासळी टोपलीत घेऊन त्या पाळीवर बसल्या होत्या. मी एकेक मासा उचलायचा, त्या नाव सांगायच्या. नावाबरोबर बाकीचंही सांगायच्या. हा कोणत्या महिन्यात चरबीचा असतो, बाळंतिणीला कोणता चालतो, कोणता नवऱ्याला आवडायचा. दोन माशांपाशी त्या अडल्या. "हे आता कमी दिसते," म्हणाल्या, "नाव जिभेवर आहे, आठवलं की सांगते." संध्याकाळी त्यांनी नातवाला पाठवलं. तो पोरगा सायकल टेकवून दारात उभा राहिला, आणि धडा म्हणून दाखवावा तशी त्यानं ती दोन्ही नावं म्हटली. मी ती लिहून घेतली, आणि त्याच्याकडूनही एकदा लिहून घेतली.

माझी मागणी लहान आहे. शाळा, कॉलेजं, वनखात्याची माहितीकेंद्रं, मत्स्यालयं, जिथे जिथे आपल्या मुलखातला जीव काचेमागे ठेवला आहे, तिथे त्याच्या पाटीवर शास्त्रीय नावाखाली गावातलं नाव लिहा. एका गावात एक नाव आणि दुसऱ्यात दुसरं असेल, तर दोन्ही लिहा. आणि वाचकहो, तुमच्या घरात कोणी सत्तरीच्या पुढचं असेल, तलावाकाठी, नदीकाठी, खाडीकाठी जन्मलेलं, तर या पावसाळ्यात त्यांच्याजवळ वही घेऊन बसा. मासा दाखवा आणि विचारा.

आजा जाऊन आता बारा वर्षं झाली. माझ्या वहीत पहिल्या पानावर पहिलं नाव त्याचं आहे, त्यानं सांगितलेलं, शिंगूर.