चंद्रपुरातला समुद्र

महाराष्ट्राचा नकाशा उघडा बरं. समुद्र त्या टोकाला पश्चिमेला आणि आम्ही या टोकाला पूर्वेला! मुंबईहून निघालं तर रात्रभराचा प्रवासही चंद्रपूरला पोचायला पुरत नाही. आमच्याकडे जंगल आहे, वाघ आहेत, कोळसा आहे, रामाळ्यासारखे तलाव आहेत. नाही तो फक्त समुद्र. म्हणून मी घरात खाऱ्या पाण्याचे मासे पाळणार म्हटल्यावर सगळे हसलेच.

मासे मला नवे नव्हते. माझे मामा गडचिरोलीला असतात. तिकडे हिवतापाचा त्रास फार. म्हणून डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे साठलेल्या पाण्यात सोडतात. मी तिसरीत असताना मामांनी बाटलीतून चार गप्पी दिले आणि बघता बघता चाराचे चाळीस झाले! पुढे मोली आले, गुरामी आले. आता नववीत आल्यावर मला समुद्र हवासा वाटू लागला.

"पाण्यात मीठ टाकलं का झाला समुद्र! त्यात काय एवढं?" आजी म्हणाली. पण तसं नसतं. आपल्या जेवणातल्या मिठात मुख्यतः सोडियम क्लोराईड असतं. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम असं बरंच काही असतं. त्यासाठी वेगळं मीठ मिळतं, ते बाबांनी नागपूरहून आणलं. लिटरला साधारण ३५ ग्रॅम, म्हणजे माझ्या शंभर लिटर पाण्याला साडेतीन किलो!

आता एक कोडं. मासा पाणी पितो का? गोड्या पाण्यातला मासा जवळजवळ पीतच नाही. त्याच्या अंगात बाहेरच्यापेक्षा जास्त क्षार असतात, त्यामुळे पाणी आपोआप आत शिरतं आणि तो ते सारखं बाहेर टाकतो. समुद्रातल्या माशाचं उलटं. त्याच्या अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं. म्हणून तो खारं पाणी पितो आणि जास्तीचं मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. मीठ कमीजास्त झालं की त्याचा हा हिशेबच बिघडतो.

मीठ विरघळलं, वाळू घातली, पंप सुरू झाला. मग मासे? छे! सहा आठवडे टाकी रिकामीच. शेजारचे काका रोज विचारायचे, "काय गं, मासे दिसत नाहीत?" मी म्हणायची, "आधी जिवाणू येऊ द्या!" माशांच्या घाणीतून अमोनिया तयार होतो, तो विषारी. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते बरंच निरुपद्रवी. गोड्या पाण्यातही हेच चालतं, पण समुद्राच्या पाण्यात अमोनिया जास्त घातक ठरतो. मी रोज चिमूटभर खाद्य टाकून ते कुजू द्यायची आणि चाचणीच्या नळीतला रंग वहीत लिहायची. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, तेव्हा मी अख्ख्या वाड्याला ओरडून सांगितलं.

धाकट्या बहिणीला समुद्रघोडा आणि पोवळी हवी होती. मी तिला स्पष्ट नाही म्हटलं. २००१ पासून समुद्रघोड्यांना आणि पोवळ्यांना आपल्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, जसं ताडोबातल्या वाघाला आहे. मग वाघाच्या गावात राहून आपण तो कायदा कसा मोडायचा? आम्ही क्लाऊन मासे निवडले, तेही समुद्रातून पकडलेले नाही, पैदास केंद्रात जन्मलेले. तमिळनाडूत मंडपम इथं केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी या माशांची पैदास करून दाखवली आहे.

खरी परीक्षा मे महिन्यात झाली. बाहेर पारा ४५ च्या वर आणि माशांना हवं २५ ते २७ अंशांचं पाणी! टाकी कूलरच्या खोलीत हलवली, पाण्यावर छोटा पंखा लावला, वीज गेली तर म्हणून बॅटरीवरचा हवेचा पंप ठेवला. पंख्यानं पाणी भराभर आटतं, पण मीठ मागेच राहतं. म्हणून वरून भर घालायची ती गोड्या पाण्याचीच. पातळी कळावी म्हणून आजीनं काचेवर तिची एक टिकली चिकटवली. आता रोज सकाळी टिकलीपर्यंत पाणी भरायचं काम तिचंच, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही.

बाबांनी एक गंमत सांगितली. चंद्रपूरच्या आसपास सिमेंटसाठी जो चुनखडीचा दगड खणतात, तो एका जुन्या समुद्राच्या तळाशी साठलेला आहे. पृथ्वीवर मासे जन्मले त्याच्याही कितीतरी आधी इथं समुद्र होता! हे ऐकल्यापासून मला कुणी हसलं तर मी सरळ पायाखाली बोट दाखवते.

तुम्हालाही असा समुद्र हवाय? मग आधी वर्षभर गप्पी नीट सांभाळा. ते जमलं की मीठ आणा. आणि टाकी रिकामी असताना लोक हसले तर खुशाल हसू द्या. मासे सोडायची घाई मात्र करू नका.