दहा की अकरा?

गाडी 'फास्ट' करायची म्हटलं की आमच्या ग्रुपमधल्या प्रत्येकाच्या तोंडी एक आकडा असतोच. अकरा, साडेअकरा, कुणी तर थेट बारा! कॉम्प्रेशन रेशोचा. पिस्टन खाली असताना सिलेंडरमध्ये जेवढी जागा असते, ती पिस्टन वर आल्यावर किती पट कमी होते, तो हा आकडा. जास्त दाबा, जास्त काम काढा. थर्मोच्या पेपरला ऑटो सायकल घोकलीच होती की आपण.

पण तेच सूत्र पुन्हा मांडून बघा. आदर्श कार्यक्षमता 9 ला 58.5 टक्के, 10 ला 60.2, 11 ला 61.7, 12 ला 63. फायदा दर पायरीला कमी होतोय. धोका मात्र वाढतोय. दाबलेलं मिश्रण तापतं, आणि ठिणगीची ज्योत पोचायच्या आत कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप पेटतं. हेच नॉकिंग. जोरात आणि सारखं झालं की पिस्टनची वाट.

एका मित्राच्या बाबांची जुनी 1300 सीसीची गाडी सध्या इंजिन उघडून पडली आहे. त्याला 11 हवेत, मी 10 म्हणतोय. हिशोब केला तर दर सिलेंडरमागे फरक जेमतेम 3.6 सीसीचा. चहाचा चमचासुद्धा भरणार नाही, आणि त्यावरून आमचं दोन तास भांडण!

तो म्हणतो, "अरे, पुण्यात 100 ऑक्टेन मिळतं की!" मिळतं ना, 2020 पासून मिळतंय. पण ही गाडी मे महिन्यात कोकणात जाणार. परतताना तिथल्या पंपावर मिळेल ते भरून, एसी लावून, मागे आईबाबांना बसवून ताम्हिणी चढणार. गरम हवा, कमी आरपीएम, पाय पूर्ण दाबलेला. नॉकिंगला आणखी काय हवं? त्यात या इंजिनाला नॉक सेन्सर नाही. नव्या गाडीसारखं ते आपणहून ठिणगी मागे घेणार नाही.

माझदाचंच बघा. 2012 मध्ये सीएक्स-5 चं दोन लिटरचं पेट्रोल इंजिन त्यांनी युरोपात 14 ला दिलं आणि अमेरिकेत 13 ला, कारण तिथे लोक साधं पेट्रोल भरतात. एवढी मोठी कंपनी पंप बघून आकडा ठरवते, मग आपण कोण?

सर्व्हर आपण मंगळवारच्या दुपारसाठी घेत नाही, सेलच्या रात्रीसाठी घेतो. रस्त्यावरच्या गाडीचंही तसंच. आकडा सगळ्यात चांगल्या पंपावर नाही, सगळ्यात वाईट पंपावर ठरवायचा. 11 ऐवजी 10 घेतले तर कागदावर 100 बीएचपीमागे अडीचच्या आसपास जातात. तेवढे तर हेडचे पोर्ट साफ करून आणि नीट ट्यूनिंग करून भरून निघावेत.

असो. पिस्टनची ऑर्डर शनिवारी जायची आहे. तोवर भांडण चालू राहील.