बसून राहिलेल्यांची विशेषणे

लालबागच्या एका कापडगिरणीत इंग्रजी पत्रव्यवहाराचा कारकून म्हणून मी उमेदीची बहुतेक वर्षे काढली. आणि माणसाचे वा यंत्राचे काम थांबले म्हणजे इंग्रजी भाषा त्या थांबण्याला किती निरनिराळी नावे देते, व नाव बदलताच दोषाचा भार एकाच्या माथ्यावरून दुसऱ्याच्या माथ्यावर कसा अलगद सरकतो, याचे शिक्षण मला व्याकरणाच्या पुस्तकांपेक्षा साचेखात्याच्या रोजच्या तक्त्यांतून अधिक मिळाले.

त्या तक्त्यात ‘आयडल’ या मथळ्याचा एक रकाना असे. बान्याच्या कांड्या आल्या नाहीत, ताण्याची बीम संपली, बदली कामगार मिळाला नाही, अशा नाना कारणांनी जे साचे, म्हणजे माग, उभे राहत त्यांची नोंद तेथे होई. लोखंडावर आळसाचा आरोप कोणी करीत नाही. म्हणून तेथे तो शब्द निखळ शोभे. जुन्या इंग्रजीत त्याचा मूळ अर्थ रिकामा, पोकळ असाच होता. निंदेची छटा त्याला पुढे चिकटली, व ती आजही संदर्भ पाहूनच ओळखावी लागते.

एका पावसाळ्यात कांड्यांचा पुरवठा तुटला आणि रात्रपाळीचे साचेवाले हात बांधून बसून राहिले. दुसऱ्या दिवशी खात्यातील एका वरिष्ठाने वर पाठवावयाच्या अहवालाचा मसुदा माझ्याकडे दिला, त्यात त्याच कामगारांना ‘लेझी’ म्हटले होते. मी तक्ता आणि मसुदा दोन्ही त्यांच्यापुढे ठेवून अदबीने निवेदन केले, की तक्त्यातील शब्द स्थिती सांगतो आणि मसुद्यातील शब्द स्वभाव सांगतो. काम मिळावे म्हणून दाराकडे डोळे लावून बसलेला मनुष्य ‘आयडल’ असू शकतो, तर साहेबाची चाहूल लागताच लगबग करणारा मनुष्य मनातून पक्का ‘लेझी’ असू शकतो. या विवेचनाचा त्यांच्यावर तिळमात्र परिणाम झाला नाही. मात्र हा कागद उद्या औद्योगिक न्यायालयात युनियनच्या हाती पडला तर तक्त्याशी त्याची रुजवात घातली जाईल, एवढे म्हणताच त्यांनी स्वहस्ते शब्द खोडला. शब्दार्थाच्या सूक्ष्मतेला कोर्टाच्या भीतीइतका खंदा पाठीराखा नाही.

या विषयाचे वेड लागल्यावर मी टाउन हॉलमधील एशियाटिकच्या ग्रंथालयात रविवार घालवू लागलो. तेथे डॉक्टर जॉन्सनची गाठ पडली. सुमारे 42 हजार शब्दांचा कोश 1755 साली पुरा करणाऱ्या या गृहस्थाने पुढे 1758 ते 1760 या काळात जी निबंधमाला चालविली, तिला नाव दिले ‘द आयडलर’! दुपारपर्यंत अंथरुणात लोळणारा आणि खासगी प्रार्थनांतून स्वतःच्या ‘स्लॉथ’बद्दल वारंवार क्षमा मागणारा हा मनुष्य चारचौघांत मात्र ‘आयडलर’ ही पदवी मिस्किलपणे मिरवी. त्यातील भेद मला फार मार्मिक वाटतो. ‘स्लॉथ’ हा ख्रिस्ती धर्माच्या सात महापातकांपैकी एक. त्याचा हिशेब देवापुढे द्यावयाचा असतो, लोकांपुढे नव्हे.

‘इंडोलंट’ या शब्दाशी मात्र माझा परिचय ग्रंथालयात झाला नाही. पायाला झालेली एक जखम कित्येक आठवडे भरेना, तेव्हा दवाखान्यातील डॉक्टरांनी केसपेपरवर हे विशेषण लिहिले, आणि ते रोग्याच्या स्वभावाविषयी आहे की काय या शंकेने मी क्षणभर ताठ झालो. ते जखमेविषयी होते! लॅटिनमध्ये त्याचा धात्वर्थ ‘वेदना नसलेला’. दुखत नाही, वाढत नाही, बरीही होत नाही, अशी जखम. मनुष्याला तो शब्द लावला म्हणजे कष्टाची झळ अंगाला लागू न देणारा सुखवस्तू आळशी डोळ्यांसमोर येतो, आणि मला वाटते, गिरणीच्या आवारात तो शब्द कोणाला शोभलाच असता तर साचेखात्यात नव्हे, वरच्या मजल्यावर शोभला असता. ‘इनर्ट’ची गोष्ट याहून निराळी; तेथे इच्छेचाच अभाव. रॅले व रॅम्से यांना 1894 साली हवेत जो वायू सापडला त्याचे ‘आर्गॉन’ हे नाव ग्रीक भाषेतील ‘निष्क्रिय’ याच अर्थाच्या शब्दावरून पडले. आणि विजेच्या दिव्यात तो भरतात तो कोणाशीही संयोग पावत नाही म्हणूनच. काही न करणे हीच त्याची चाकरी.

1982 च्या जानेवारीत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि सारे गिरणगाव बसले. पुढे सरकारी कागदांत गिरण्या ‘सिक’ ठरल्या, म्हणजे आजारी. यंत्रे ‘आयडल’ राहिली. कामगारांसाठी मात्र कोणत्याही दफ्तरात धड एक शब्द सापडेना. त्यानंतर काही वर्षांनी सातारकडचा एक जुना साचेवाला नातवाच्या शाळेचा इंग्रजी अर्ज भरून घेण्यासाठी माझ्या खोलीवर आला. आजोबाचा व्यवसाय हा रकाना आला तेव्हा मी त्याला विचारले, तर तो म्हणाला, “संपापासून बसूनच हाय, सायेब.” मी लेखणी हातात धरून विचार करू लागलो. ‘आयडल’ लिहावे तर अपमान, ‘इनअॅक्टिव्ह’ लिहावे तर त्या मजबूत खांद्यांची थट्टा. शेवटी ‘अनएम्प्लॉइड’ लिहून मी त्याला अर्थ समजावून सांगितला.

“बेकार?” तो उसळून म्हणाला. “पहाटे चारला उठून दादरला जातो, दोन टोपल्या भाजी घेऊन दुपारपातूर नाक्यावर विकतो. बेकार कसला?”

“मग बसून आहे म्हणालात ते?”

“गिरणीचं म्हणालो मी.”

मी शब्द खोडून त्याच्यावर ‘भाजीविक्री’ असे इंग्रजीत लिहिले. त्याने खाडाखोड नसलेला दुसरा कोरा अर्ज पिशवीतून काढला आणि सबंध मजकूर पुन्हा सुवाच्य अक्षरात लिहावयास मला बसविले.