आराखड्याबाहेरचे प्रकरण

संशोधनाची रूपरेषा ज्या वेळी सादर करावी लागते, त्या वेळी संशोधकाला आपल्या विषयाची सर्वांत कमी माहिती असते. तरीही प्रकरणे किती, त्यांची शीर्षके कोणती, गृहीतक काय आणि निष्कर्ष कोणत्या दिशेने निघण्याचा संभव आहे, हे सारे त्याला आधीच लिहून द्यावे लागते. विद्यापीठाची ही अपेक्षा अवाजवी नव्हे. आराखड्यावाचून केलेले वाचन वर्षानुवर्षे चालते आणि त्यातून प्रबंध उभा राहत नाही, असा अनुभव सर्वत्र आहे. प्रश्न एवढाच उरतो की, पुढे हाती येणारी साधने जर आराखड्याशी विसंवादी निघाली, तर माघार कोणी घ्यावयाची?

दिल्लीतील एका केंद्रीय विद्यापीठात भारतीय भाषांच्या विभागात पीएच. डी. साठी नाव नोंदविलेल्या एका विद्यार्थिनीपुढे हा प्रश्न तिसऱ्या वर्षी उभा राहिला. तिचे आजोबा नोकरीच्या निमित्ताने दिल्लीस आले आणि तेथेच स्थायिक झाले. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, महाराष्ट्राशी संबंध उन्हाळ्याच्या सुटीपुरता. विषय निवडताना तिने तंजावरच्या भोसले राजांची मराठी नाटके निवडली, यात या पार्श्वभूमीचा वाटा होता. महाराष्ट्रापासून इतक्या दूर, कावेरीच्या काठी, एका राजघराण्याने मराठीत नाटके लिहिली आणि तीही महाराष्ट्रात नाटक उभे राहण्याच्या दीडशे वर्षे आधी, ही गोष्ट तिला केवळ वाङ्मयेतिहासातील एक नोंद वाटत नव्हती. दूर राहूनही भाषा टिकते, इतकेच नव्हे तर अग्रेसर होते, याचा तो तिच्या लेखी पुरावा होता.

रूपरेषा त्या भावनेतूनच लिहिली गेली. मराठी नाटकाचा आरंभ सामान्यतः विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीस केलेल्या ‘सीतास्वयंवर’ या प्रयोगापासून धरला जातो. भाव्यांना प्रेरणा मिळाली ती कर्नाटकातून सांगलीस आलेल्या भागवत मंडळींच्या खेळांवरून, हेही सर्वश्रुत आहे. तिकडे तंजावरास शहाजी राजांच्या (कारकीर्द १६८४ ते १७१२) नावावर असलेले ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ हे नाटक इ. स. १६९० च्या सुमाराचे मानले जाते. तेव्हा रूपरेषेतील गृहीतक सरळ होते: भाव्यांचे नाटक उसन्या प्रेरणेचे, तंजावरचे नाटक त्याहून जुने आणि स्वयंभू, म्हणून मराठी नाटकाच्या इतिहासाचे पहिले पान बदलले पाहिजे. सहा प्रकरणे, त्यांपैकी पाचव्याचे शीर्षक ‘मराठी नाटकाचा खरा आरंभ’. समितीने रूपरेषा एकमताने मान्य केली.

त्यानंतरचे टप्पे रीतीप्रमाणे पार पडले. पहिले वर्ष अभ्यासक्रम आणि पूर्वसंशोधनाचा आढावा यांत गेले. दुसऱ्या वर्षी ती तंजावरास गेली. सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखितांची संख्या तीन हजारांच्या घरात आहे. राजवाड्याचे मोडी दफ्तर निराळेच. बृहदीश्वराच्या मंदिरात भोसले घराण्याचा इतिहास १८०३ साली मराठीत कोरविलेला आहे. तो तिने पहिल्याच आठवड्यात पाहिला आणि त्या दिवशी काम काही झाले नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र शिस्त सुरू झाली. मार्गदर्शकांनी तिला टिपणांची एक पद्धत घालून दिली होती. एका कार्डावर एकच मुद्दा; वर उजवीकडे बाडाचा क्रमांक आणि पान; मूळ मजकूर काळ्या शाईने, आपले मत निळ्या शाईने. जे कळले नाही, तेही कार्डावर उतरवावयाचे आणि खाली लिहावयाचे, ‘अर्थ पाहणे’. न कळलेली गोष्ट वहीच्या समासात राहिली की हरवते. कार्डावर आली की ती डोळ्यांपुढून हलत नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

या ‘अर्थ पाहणे’ कार्डांनीच पुढे तिची अडचण केली. नाटकांतील गीतांना जागोजाग ‘दरु’ असे म्हटलेले होते. राग-ताल दिलेले होते, ते कर्नाटक संगीताचे. पात्र रंगभूमीवर येण्यापूर्वी त्याचे वर्णन करणारे गीत येई, मग पात्र येई. हे सारे एका नाटकापुरते नव्हते, तो ठरलेला शिरस्ता होता. प्रत्येक वेळी तिने प्रामाणिकपणे कार्ड केले आणि खाली ‘अर्थ पाहणे’ लिहिले. दिल्लीस परतल्यावर प्रकरणवार गठ्ठे लावताना सहा प्रकरणांचे सहा गठ्ठे झाले आणि सातवा एक गठ्ठा उरला. त्यात त्रेचाळीस कार्डे होती. आराखड्यात त्यांना जागा नव्हती.

तिच्याच वसतिगृहाशेजारी तेलुगू विभागाचा एक संशोधक विद्यार्थी राहत असे. ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर चहा घेताना तिने त्याला सहज विचारले, ‘दरु’ हा शब्द कोठे भेटला आहे काय? तो हसला. तेलुगू यक्षगानात दरूवाचून पान हलत नाही, असे त्याने सांगितले. पात्राच्या प्रवेशाच्या गीताला तर स्वतंत्र नावच आहे, ‘पात्रप्रवेश दरु’. मग त्याने तंजावरचीच हकीकत सांगितली, पण ती मराठ्यांच्या आधीची. भोसल्यांपूर्वी तेथे नायकांचे राज्य होते. ते १६७३ साली संपले आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांतच व्यंकोजी राजांनी तंजावर घेतले. नायकांच्या दरबाराची वाङ्मयीन भाषा तेलुगू होती. विजयराघव नायकाने स्वतः यक्षगाने रचली; त्याच्याच दरबारातील रंगाजम्मा या कवयित्रीने ‘मन्नारुदासविलासमु’ हे यक्षगान लिहिले. राज्य बदलले, परंतु गाणारे, नाचणारे आणि वाजविणारे तेथेच राहिले. मेलट्टूर या जवळच्या गावी भागवत मेळ्याची तेलुगू नाटके आजही होतात.

त्या रात्री तिने सातवा गठ्ठा पुन्हा वाचला. तिच्या गृहीतकाचा पाया ज्या ‘स्वयंभू’ या शब्दावर होता, तोच आता निखळला होता. सांगलीच्या नाटकाने शेजारच्या भाषेकडून घेतले, म्हणून ते तिने दुय्यम ठरविले होते. तंजावरच्या नाटकानेही शेजारच्याच भाषेकडून घेतले होते, आणि तेही दीडशे वर्षे आधी.

अशा वेळी संशोधकापुढे एक सोपी वाट असते, आणि ती गैर आहे असे कोणी म्हणतही नाही. एक तळटीप द्यावयाची: ‘या नाटकांवर तेलुगू यक्षगानाचा काही प्रभाव संभवतो, तो स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.’ एवढ्याने आराखडा शाबूत राहतो, पाचवे प्रकरण ठरल्याप्रमाणे लिहिता येते आणि वेळही वाचतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ आणि २०२२ या दोन्ही वर्षांच्या नियमांत पीएच. डी. साठी किमान तीन आणि सामान्यतः कमाल सहा वर्षे ठरवून दिलेली आहेत. शिष्यवृत्ती पाचच वर्षांची. तिने तशी तळटीप लिहिलीही. दोन दिवस ती तशीच राहू दिली. तिसऱ्या दिवशी कार्डांचा तो गठ्ठा आणि ती तळटीप घेऊन ती मार्गदर्शकांकडे गेली.

त्यांनी सारे शांतपणे वाचले. नंतर विचारले, “ही तळटीप तुम्हांला कोणी लिहिली असती आणि तुम्ही परीक्षक असता, तर काय केले असते?”

“स्वतंत्र अभ्यास का केला नाही, असे विचारले असते, सर.”

“मग?”

“पण रूपरेषा मंजूर झाली आहे.”

“रूपरेषा ही तुमची प्रतिज्ञा नव्हे. पुढे वाचून दुरुस्त करावे, म्हणूनच ती आधी लिहून घेतात.”

मग त्यांनी तिला भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताचे उदाहरण दिले. चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ साली हाती घेतल्यावर संस्थेने एकदम अंतिम आवृत्ती छापली नाही. १९२३ साली ना. बा. उतगीकरांनी संपादिलेले विराटपर्व केवळ नमुन्यादाखल प्रसिद्ध केले आणि विद्वानांची मते मागविली. १९२५ पासून वि. सी. सुखटणकरांनी प्रमुख संपादक म्हणून कामाची घडी नव्याने बसविली. आदिपर्व १९३३ साली पूर्ण झाले. आणि अंतिम विराटपर्व १९३६ साली निघाले, तेव्हा त्याचे संपादक रघुवीर होते. उतगीकरांचा नमुना बाजूस पडला, पण तो व्यर्थ गेला असे कोणी म्हणत नाही. चिकित्सक संहितेचे काम १९६६ साली संपले. सुखटणकर तर १९४३ सालीच निवर्तले होते. “टप्प्याटप्प्याने काम करणे याचा अर्थ,” सर म्हणाले, “मागच्या टप्प्याला पुढच्या टप्प्याने खोडण्याचा अधिकार ठेवणे, असा आहे. तो अधिकार नसेल तर टप्पे कशाला? एकदम लिहून टाकावे.”

थोड्या वेळाने त्यांनी विचारले, “तेलुगू कोण वाचणार?”

“मीच वाचीन.” असे ती म्हणाली खरी, परंतु त्या वेळी तिला तेलुगूचे एक अक्षरही येत नव्हते.

तेलुगू शिकण्यात पुढचे आठ महिने गेले. तेलुगू विभागातील त्या विद्यार्थ्याने तिला लिपी आणि व्याकरण शिकविले. मोबदल्यात तिने त्याला मोडी शिकविली, कारण त्यालाही राजवाड्याच्या दफ्तरातील नर्तक-गायकांच्या नेमणुका पाहावयाच्या होत्या. आठ महिन्यांत कोणी तेलुगूचा पंडित होत नाही. परंतु दोन नाटके शेजारी ठेवून गीतामागून गीत, प्रवेशामागून प्रवेश ताडून पाहण्याइतकी भाषा तिला आली. न समजलेल्या ओळी ती खुणा करून ठेवी आणि आठवड्यातून एकदा दोघे त्या वाचीत.

या वाचनातून एकेका कार्डाला उत्तर मिळत गेले. शहाजी राजांच्याच नावावर तेलुगूतही रचना आहेत, आणि ‘पंचभाषाविलास’ या नाटकात तर संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी आणि हिंदी अशा पाच भाषा एकाच रंगभूमीवर येतात. दुसऱ्या सरफोजी राजांच्या (कारकीर्द १७९८ ते १८३२) काळातील ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठीत आहे, त्याचा घाट तमिळ कुरवंजीचा आहे, आणि त्यात सांगितला आहे तो जगाचा भूगोल, जो नव्या शिक्षणातून आला. याच राजावर ‘शरभेंद्र भूपाल कुरवंजी’ ही तमिळ रचना झाली. एकाच राजवाड्यात एकच घाट दोन भाषांत नांदत होता. प्रेक्षकाला त्याचे नवल वाटत नसावे. नवल वाटते ते नंतरच्या वाङ्मयेतिहासकाराला, कारण त्याने एका भाषेचे कपाट उघडलेले असते आणि दुसरे बंद ठेवलेले असते. तिच्या पहिल्या रूपरेषेतील दोष नेमका हाच होता. तिने चुकीचे उत्तर दिले नव्हते. एका भाषेतच उत्तर सापडेल असे धरून प्रश्न विचारला होता.

चौथ्या वर्षाच्या आरंभी तिने संशोधन सल्लागार समितीपुढे शीर्षकबदलाचा अर्ज ठेवला. ‘मराठी नाटकाचा आरंभ: तंजावर’ याऐवजी ‘भोसलेकालीन तंजावरचे मराठी नाटक: बहुभाषिक रंगभूमीच्या संदर्भात’. समितीतील एका सदस्याने पृच्छा केली की, यामुळे तंजावरच्या मराठी नाटकाचे महत्त्व कमी होत नाही काय? हा प्रश्न तिने स्वतःला महिनोन्‌महिने विचारला होता. दूर राहून टिकलेली भाषा ही तिची घरची कहाणी होती, आणि ती भाषा एकट्याने टिकली नाही हे मान्य करणे तिला सोपे गेले नव्हते. तिने उत्तर दिले की, तंजावरच्या मराठीने शेजाऱ्यांपासून अंतर ठेवले असते तर तिथे कदाचित बखरी आणि हिशेब उरले असते. नाटक उभे राहिले ते शेजाऱ्यांच्या गायकांनी, तालांनी आणि घाटांनी. समितीने बदल मान्य केला, मुदतवाढीची हमी मात्र दिली नाही.

लेखनाचा क्रमही मग पालटला. पहिले प्रकरण पहिले लिहावे, ही कल्पना तिने सोडली. जेथे साधने भक्कम होती ते ‘दरु आणि पात्रप्रवेश’ हे प्रकरण तिने आधी लिहिले; त्याला मूळ आराखड्यात ओळही नव्हती. त्यावरून इतर प्रकरणांची लांबी आणि क्रम ठरले. प्रस्तावना सर्वांत शेवटी लिहिली. ‘मराठी नाटकाचा खरा आरंभ’ हे प्रकरण गळाले. त्यातील कालनिर्णयाची चर्चा सहा पानांत आली आणि दुसऱ्या प्रकरणात सामावली. प्रत्येक मसुदा मार्गदर्शकांकडून तांबड्या शाईने भरून येई. जेथे निळ्या शाईचे मत काळ्या शाईच्या मजकुरात मिसळले असेल, तेथे समासात एकच शब्द असे: ‘कोण म्हणते?’

शिष्यवृत्ती संपल्यानंतर सात महिन्यांनी, सहावे वर्ष पुरे होण्याच्या आत, प्रबंध सादर झाला. ते सात महिने तिने एका शाळेत हिंदी शिकवून काढले. मौखिक परीक्षेस बाहेरून आलेले परीक्षक तेलुगूचे अभ्यासक होते. त्यांनी तिच्या तेलुगू उताऱ्यांतील चार चुका दाखविल्या आणि नंतर विचारले, “मग मराठीतील पहिले नाटक तुमच्या मते कोणते?”

तिने उत्तर दिले की, कालानुक्रमाने तंजावरचे आधी, हे प्रबंधात सांगितले आहे; परंतु सांगली आणि तंजावर या दोन्ही ठिकाणी नाटक उभे राहिले ते शेजारच्या भाषेतील खेळ पाहून. त्यामुळे ‘पहिले’ या शब्दाने जे सिद्ध करावयाचे मनात होते, ते सिद्ध होत नाही.

“काय सिद्ध करावयाचे होते?” परीक्षकांनी विचारले.

“मराठीला कोणाची गरज लागली नाही, हे,” ती म्हणाली.

प्रबंधाच्या अखेरच्या प्रकरणात ‘अपूर्ण राहिलेले काम’ असा एक विभाग आहे. त्रेचाळीस कार्डांपैकी छत्तिसांचा अर्थ लागला; सात कार्डे तशीच राहिली. ती सातही, बाडाच्या क्रमांकासह आणि पानासह, तेथे क्रमाने नोंदविली आहेत. त्यांपैकी पाचांसाठी तमिळ यावे लागेल, असेही तिने लिहून ठेवले आहे.