बाकी रकमेची तारीख

"10 नोव्हेंबरच्या आत बाकीचे पैसे भरायचे आहेत, विसरू नकोस," असं बाबा दसऱ्यापासून सांगत होते. मी हसून म्हणायचो, "बाबा, आता पैसे मोबाइलवरून दोन मिनिटांत जातात."

गोष्ट 2024 ची. नाताळच्या सुट्टीत आम्ही सहा जण अंदमानला जाणार होतो. सेल्युलर जेल बघायची बाबांची फार वर्षांची इच्छा होती. भोपाळमधल्याच एका एजंटकडे बुकिंग केलं. एकूण 2,70,000 रुपये. 60,000 ॲडव्हान्स दिला, बाकी रक्कम निघण्याच्या 45 दिवस आधी.

मग दिवाळी आली, पाहुणे आले, भाऊबीज झाली. 10 तारखेला रविवार होता. रात्री नऊला मी मोबाइल हातात घेतला. यूपीआयने 1 लाख गेले आणि दिवसाची मर्यादा संपली. नेट बँकिंगमध्ये एजंटचं खातं नव्याने जोडलं, तर माझ्या बँकेने पहिल्या 24 तासांत 50,000 च्या वर जाऊच दिलं नाही. 60,000 कमी पडले. खात्यात पैसे होते, पण पाठवता येत नव्हते!

सोमवारी एजंटचा फोन आला. चार तिकिटं पक्की झाली, दोन जागा विमान कंपनीकडे परत गेल्या. आता त्याच जागांना माणशी 7,000 जास्त पडणार होते. मी एजंटवर चिडलो. त्याने शांतपणे माझ्याच सहीचा कागद पुढे केला. ग्रुपच्या जागा तो आधी थोडे पैसे भरून धरून ठेवतो. उरलेले ठरल्या दिवशी भरले नाहीत, तर जागा सुटतात. हॉटेलचंही तसंच. त्या तारखेनंतर रद्द करण्याचा खर्चही वाढतो. ती तारीख त्याच्या मर्जीची नव्हतीच.

घरी सांगितलं तेव्हा बाबा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "तुम्ही चौघं जाऊन या. आम्ही दोघं राहतो घरी." ते मला जास्त लागलं. 14,000 रुपये जास्त भरले आणि सहाही जण गेलो.

तेव्हापासून ॲडव्हान्स देण्याआधीच मी तीन गोष्टी लेखी घेतो: बाकी रक्कम कधी भरायची, उशीर झाला तर काय होणार आणि कोणत्या तारखेला रद्द केलं तर किती कापणार. एजंटचं खातं आठवडाभर आधी जोडून एक रुपया पाठवून बघतो. पावती जपून ठेवतो. एजंटने ठरलेलं पाळलं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर आहे. पण चूक आपली असेल, तर तिथेही आपलाच कागद आपल्यासमोर येणार.

सेल्युलर जेलच्या अंगणात बाबा बराच वेळ उभे होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "बरं झालं आलो." मग माझ्याकडे बघून हसले, "पुढच्या वेळी तारीख मात्र मी सांभाळणार."